कागदावर पालक व्हा, घरात मावशीच राहा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय ५६. मालक जाऊन सहा वर्षं झाली. दोन एकर भाताचं रान आहे, पावसाळ्यात लोकांच्या भांगलणीलाही जाते. मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. तो आणि सून बेळगावात भाड्यानं राहतात, त्यांचं रेशन कार्ड वेगळं आहे.

माझी धाकटी बहीण हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली. दोन वर्षांमागं काविळीनं गेली. तिची मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. दिवसकार्य झाल्यावर मेहुणे मुलांना माझ्याकडं सोडून गोव्याला कामाला गेले आणि तिथं दुसरं लग्न केलं. दहा महिने झाले, ना फोन, ना पैसा.

मुलं इथल्या मराठी शाळेत जातात, पण आधार, रेशन सगळं चंदगडचं. बसमध्ये मला तिकीट नाही, मुलीचं काढावं लागतं. शाळेत वडिलांची सही मागतात. चुलते म्हणतात, नावं इकडंच राहू देत, बालसंगोपनाचे पैसे मिळवून देतो. मुलगा आमच्या वंशाचा, त्याला पाठवा; मुलगी तुम्ही ठेवा, नववी झाली की उजवून टाकू. सून म्हणते, आपल्या पोरांना पुढं काय उरणार? एकजण म्हणाला, पाचशेच्या स्टँपवर दत्तक लिहून घ्या. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, सरकारचे महिन्याला चार हजार मिळतात, पण समितीपुढं जावं लागतं. मला भीती वाटते, मुलांना अनाथ लिहितील, आश्रमात नेतील.

आणखी एक. धाकटा हल्ली मला आई म्हणतो. त्यावरून थोरली त्याला मारते. मी काय करू?

बहीण मला अक्का म्हणायची. तेवढंच नाव लिहा.

उत्तर

अक्का, आधी भीतीचं बोलू, कारण त्या भीतीपायी तुमची दोन वर्षं गेली आहेत.

अंगणवाडीच्या बाई म्हणतात ती बाल कल्याण समिती. तुमच्याकडच्या पाट्यांवर ती ‘मक्कळ कल्याण समिती’ म्हणून लिहिलेली दिसेल. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत एक तरी बाई असते. ही समिती ज्या बाल न्याय कायद्याखाली चालते, त्या २०१५ च्या कायद्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलंय की मूल सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. ज्या मुलांना दोन वर्षं पोटाशी धरून सांभाळणारी, शाळेत पाठवणारी सख्खी मावशी आहे, त्यांना तिच्याकडून काढून आश्रमात टाकायचं कारणच समितीला नाही. अनाथ म्हणून लिहायचाही प्रश्न नाही. वडील हयात आहेत, ते आहेत तसंच सांगायचं. कायद्यात अशा मुलांसाठी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असा शब्द आहे. आई नाही, वडील सोडून गेलेत आणि मावशीच्या हातात सहीचा अधिकार नाही, एवढाच त्याचा अर्थ तुमच्या घरापुरता होतो. त्यात कुणाची बदनामी नाही. तुमच्या बहिणीची तर मुळीच नाही.

आता चार हजारांचं. बाईंनी सांगितलं ते खरं आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत स्पॉन्सरशिप म्हणून एका मुलामागे महिन्याला ४००० रुपये मिळतात, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. आई विधवा किंवा टाकलेली असेल, मूल पोरकं होऊन नातेवाइकांकडे राहत असेल, आईवडील आजारानं किंवा दुसऱ्या कारणानं सांभाळू शकत नसतील, किंवा मूल मघाशी सांगितलेल्या व्याख्येत बसत असेल, अशांसाठी ही मदत आहे. घरचं उत्पन्न खेड्यात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. तुमच्या मुलांचे वडील जिवंत आहेत, म्हणूनच समितीपुढं जाऊन ‘यांना सांभाळणारं मागं कुणी नाही, मावशी सांभाळते’ हे लिहून घेणं गरजेचं आहे. ती पायरी गाळली तर अर्ज अडकायचा संभव फार.

उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून काढायचा. तुम्ही वेगळ्या राहता, मुलाचं कार्ड वेगळं आहे, ते तसंच सांगा. कुणी सांगेल आकडा कमी लिहा, कुणी म्हणेल मुलाचं नावच घेऊ नका. ऐकू नका. घर बघायला माणूस येतो, शेजारी विचारतो, आणि खोटं सापडलं तर नुकसान मुलांचं होतं.

वाट अशी आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे जातो. हे महिला आणि बाल विकास खात्याचं बेळगावातलं कार्यालय. सुरुवात तुमच्या अंगणवाडीच्या बाईंकडूनच करा. खानापूरच्या बाल विकास योजना अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी त्यांचा रोजचा संबंध असतो. मग घटकाचा कार्यकर्ता घरी येईल, मुलांशी बोलेल, अहवाल लिहील. पुढं मंजुरीची समिती बसते. पैसे लगेच सुरू होत नाहीत, तेवढा धीर धरावा लागेल. मिळू लागल्यावर शाळेतली हजेरी बघितली जाते, म्हणून भात लावणीच्या दिवसांत मुलीला घरी ठेवायचं नाही. तुम्ही ठेवत असाल असं म्हणत नाही, पण आपल्याकडं लावण आली की पोरी शाळेतून दिसेनाशा होतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

चुलत्यांच्या बालसंगोपनाबद्दल. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि त्यात महिन्याला २२५० रुपये मिळतात, हे बरोबर. पण ती महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांसाठी. तुमची मुलं झोपतात खानापूर तालुक्यात, जेवतात खानापूर तालुक्यात, शाळेत जातात खानापूर तालुक्यात. उद्या तिकडं चौकशीला कुणी आलं तर चुलते कोणाला पुढं उभं करणार? मुलगा त्यांना तिकडं का हवाय याचं एक कारण मला इथं दिसतं. एकट्या वंशासाठी एवढी घाई होत नसावी. माझं चुकत असेल तर बरंच आहे. पण दोन्हीकडून पैसे घ्यायचा विचार कुणी तुमच्या डोक्यात घालत असेल तर तो आजच काढून टाका. मूल जिथं आहे तिथंच त्याचं नाव, तिथंच त्याची मदत.

आपल्या सीमाभागात हा गुंता घरोघरी आहे. माहेर या राज्यात, सासर त्या राज्यात. शिनोळी ओलांडली की पाटीवरची लिपी बदलते, बसचा रंग बदलतो, नातीगोती मात्र दोन्हीकडं तीच. लग्न जमवताना हद्द कुणी बघत नाही. बघावी लागते ती अशा वेळी, मूल हद्द ओलांडून मामाकडं किंवा मावशीकडं येतं आणि त्याचे कागद मागं राहतात तेव्हा. मुलीचं बसचं तिकीट हे त्याचंच लहानसं रूप. शक्ती योजनेचा मोफत प्रवास कर्नाटकाचा पत्ता असलेल्या बायकामुलींना आहे आणि तिच्या आधारवर चंदगड आहे. महिन्याला तिकिटाचे पैसे किती जातात त्याहून मला एक वेगळीच गोष्ट लागली: कंडक्टरसमोर रोज तिला कळतं की मावशी इथली आणि आपण नाही.

म्हणून दोन्ही मुलांचे कागद इकडं आणा. रेशनवर नाव चढवायचं तर आधी चंदगडच्या कार्डातून कमी करून तसा दाखला घ्यावा लागेल. एका माणसाचं नाव दोन कार्डांत राहत नाही. आधारचा पत्ता बदलायला केंद्रावर एक ठरावीक नमुना मिळतो, त्यावर कोणाकोणाची सही चालते ते नमुन्यावरच छापलेलं असतं. पण समितीचा कागद आधी हातात आला तर ही बाकीची कामं सोपी जातील. सध्या तुम्ही प्रत्येक खिडकीवर नुसत्या तोंडी मावशी आहात. धाकट्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधारसाठी पाच वर्षांनंतर घेतली नसेल तर तेही याच फेरीत उरका.

बँकेचं असं आहे. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून चालवू शकतं, म्हणजे थोरलीची अडचण नाही. धाकट्याच्या खात्यासाठी मात्र बँक वडील किंवा कायदेशीर पालक मागेल, आणि तिथंही समितीचा कागदच उपयोगी पडेल.

शाळेच्या सहीवर थोडं थांबते. माझा मावसभाऊ आमच्या घरी वाढला. दहावीचा फॉर्म भरताना वडिलांच्या सहीची जागा रिकामी राहिली, म्हणून त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. माझ्या आईनं जाऊन सही केली, पण तोवर तासभर सगळ्या वर्गानं त्याला बघितलं होतं. तो आज पन्नाशीला आलाय आणि अजून कुठल्याही फॉर्मवर सही करताना त्याचा हात क्षणभर थांबतो. तुमची थोरली पुढल्या वर्षी एसएसएलसीला, म्हणजे तुमच्याकडच्या दहावीच्या परीक्षेला बसेल. त्याआधी मुख्याध्यापकांना एकट्यात भेटा, समितीकडं अर्ज केल्याची प्रत द्या आणि सांगा, मुलीला वर्गात काही विचारू नका, मला बोलवा. आणि कागद नाहीत म्हणून शाळा मुलांना काढू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. धाकट्याला ते कवच अजून बरीच वर्षं आहे.

आता चुलत्यांचं दुसरं बोलणं. मुलगा तिकडं, मुलगी इकडं. अक्का, यावर मी तुम्हाला विचार करा म्हणणार नाही. नाही म्हणा. आई गेली, बाप गेला, आता भावंडंही वेगळी करायची का? चुलत्यांचा हक्क तुमच्याहून वरचा नाही. हिंदू अज्ञान पालकत्व कायद्यात, १९५६ च्या, नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई, चुलता नाही. वाद कोर्टात गेलाच तर तिथं एकच गोष्ट सगळ्यांत वरची मानतात, मुलांचं हित. दोन वर्षं कुणी सांभाळलं आणि शाळा कुठं चालू आहे, हे तिथं बघतात.

आणि ‘नववी झाली की उजवून टाकू’. १८ वर्षांखाली मुलीचं लग्न हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. लावणाऱ्याला, जमवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकात तर केंद्राच्या २००६ च्या कायद्याला दुरुस्ती करून असं लग्न मुळातच रद्द धरलेलं आहे. चुलते स्थळ घेऊन आलेच तर हे शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर १०९८ वर फोन करा. तो मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो. पोरीला वाटू द्या की या घरात तिच्यासाठी कुणीतरी दार अडवून उभं आहे.

एवढं बोलूनही सांगते, चुलत्यांशी तोडू नका. त्यांच्या घरात मुलांचे कागद आहेत. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे लागतात, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नोंदी. मुलांचे जन्मदाखले, बहिणीचा मृत्यूदाखला, हे सगळं तिकडचं. शिवाय जमीन. वडिलोपार्जित असेल तर मुलाचा त्यात जन्मानं हक्क आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही तेवढाच आहे. कुणी कुठं वाढलं यावर तो ठरत नाही. तिकडचा सातबारा ऑनलाइन बघता येतो, शाळेतल्या एखाद्या गुरुजींकडून काढून घ्या आणि ठेवून द्या. भांडायला नको, माहीत असायला हवं. दिवाळीला मुलांना दोन दिवस चुलत्यांकडं पाठवा, दोघांनाही एकत्र, आणि परत कधी आणायचं ते आधी ठरवून.

पाचशेच्या स्टँपवर दत्तक होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानंही होत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यात एक अट अशीही आहे की ज्या बाईला मुलगा आहे तिला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि तुम्हाला मुलगा आहे. बाल न्याय कायद्याखाली मावशीला भाच्याला दत्तक घ्यायची रीतसर वाट आहे, पण त्यात हयात बापाची संमती लागते आणि दत्तक झालं की मुलाचं कायद्यानं जुन्या घराशी नातं तुटतं. मला विचाराल तर तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्हाला हवाय सहीचा अधिकार. तो कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक झाली तरी मिळतो, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. बाई म्हणून तुम्हाला त्यासाठी सरकारकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. खानापूरच्या कोर्टात तालुका कायदा सेवा समिती आहे, तिथं जा, किंवा १५१०० वर फोन करा. हे आजच नको. आधी समिती, मग गरज पडली तर कोर्ट.

मेहुण्यांकडून दोन ओळी मात्र लिहून मिळत असतील तर घ्या, की मुलं मावशीकडं आहेत आणि माझी हरकत नाही. त्या ओळींनी तुम्ही पालक होत नाही, पण समितीपुढं पुरावा होतो. पोटगीही मागता येते, दुसरं लग्न केलं म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही. पण गोव्यातल्या माणसामागं धावायला आत्ता तुमच्याकडं बळ नाही, असं मला पत्रावरून वाटतं. ते पुढं बघू.

सुनेबद्दल थोडंच. तिचा प्रश्न वाईट नाही, तिला कुणी हिशेब दाखवलेला नाही एवढंच. भाड्याच्या खोलीत संसार करणाऱ्या पोरीला भीती वाटणारच. तिला एकदा बसवून सांगा की मुलांचे पैसे मुलांच्या खात्यात येतील, घराचं रान घराचंच राहील, भाच्याचा हक्क त्याच्या बापाच्या जमिनीत आहे, आपल्या नाही. आणि मुलाला तुम्ही सांगा, मीच बोलते तिच्याशी, तू मध्ये पडू नकोस.

आता तुम्ही शेवटी लिहिलंत ते. मला वाटतं तुम्ही पत्र त्यासाठीच लिहिलंत.

आपल्यात म्हण आहे, माय मरो, मावशी जगो. लहानपणापासून मला ती म्हण सोसत नाही. मावशी चांगली असते हे सांगायला मायेला का मारायचं? तुमची थोरली भावाला मारते ते ह्याच दुखण्यानं. ती १४ ची आहे, तिला आईचा आवाज आठवतो, हात आठवतो. धाकटा तेव्हा सहाचा होता, त्याच्या हातातून आई निसटत चाललीय आणि बहिणीला ते दिसतंय. तो तुम्हाला आई म्हणाला की तिच्या लेखी आई आणखी एकदा जाते. तिला रागावू नका. धाकट्यालाही गप्प करू नका, त्याला तो शब्द कुणाला तरी म्हणायचाय, शाळेत सगळी म्हणतात.

तुम्ही एवढं करा. तो आई म्हणाला की ओ द्या, पण स्वतःबद्दल बोलताना मावशीच म्हणा. ‘ये, मावशी वाढते.’ ‘मावशीला सांग काय झालं ते.’ आणि बहिणीचं नाव घरात घ्या. मला शंका आहे की दोन वर्षांत तुम्ही ते घेतलं नसेल, मुलं रडतील म्हणून. रडू देत. ती लहानपणी कशी होती, पावसात मलप्रभेचं पाणी वाढलं की घरी यायला कसा उशीर करायची, तुम्हाला अक्का म्हणून कशी हाक मारायची, हे त्या दोघांना सांगू शकणारं माणूस जगात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. बहिणीचा एखादा फोटो असेल तर थोरलीच्या हाताला लागेल असा ठेवा. आईची गोष्ट धाकट्याला सांगायचं काम तिच्याकडं द्या. मारणं आपोआप कमी होईल.

आणि बेळगावला जायच्या दिवशी थोरलीला बरोबर न्या. अर्ज कानडीत असेल. तुम्हाला वाचता येत नसेल, तिला शाळेत शिकून येतं. ती वाचून सांगेल तसं भरा, सही कुठं करायची ते तिलाच दाखवू दे. समितीपुढं मुलांना विचारतात, कुणाजवळ राहायचंय. त्या वेळी तुम्ही उठून बाहेर बाकावर जाऊन बसा आणि तिला एकटीला बोलू द्या.